पुन्हा तेच शहर?

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ६१, बँकेतून निवृत्त. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, दोन्ही मुलगे पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मुलांनी त्यांना युरोपच्या ग्रुप टूरला पाठवलं. शेवटचे दोन दिवस पोर्तुगालमधलं लिस्बन होतं. त्या लिहितात, "पॅरिस, रोम सगळं छान होतं, पण जीव अडकला तो लिस्बनमध्ये." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रुप खरेदीला गेला. पाय दुखत होते म्हणून ताई सांता लुझियाच्या टेकडीवरच्या कट्ट्यावर एकट्या बसून राहिल्या. खाली लाल कौलं, पलीकडे नदी. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. मधेच वरच्या एका खिडकीतून तिला कुणी हाक मारली, तिने मान न वळवता उत्तर दिलं. दीड तास दोघी तशाच बसल्या होत्या. "मला कुणी काही विचारलं नाही. सांगलीत घाटावर पाच मिनिटं एकटी बसले तर तिसरा माणूस विचारतो, कुणाची वाट बघताय मॅडम?"

आता मुलांनी पुढच्या वर्षासाठी दहा दिवसांत पाच देशांची टूर ठरवली आहे. ताईंना मात्र महिनाभर एकटीने लिस्बनला राहायचं आहे. थोरला म्हणतो, "आई, बघितलेलं परत काय बघायचं?" धाकट्याला काळजी वाटते. जाऊबाई म्हणाल्या, या वयात हे काय खूळ. ताई विचारतात: हे खूळच आहे का? मुलांचं मन राखायला टूरला जाऊ का? आणि ऑगस्ट २०१९च्या पुरात शेजाऱ्यांनी ज्या सांगलीतून मला नावेत बसवून बाहेर काढलं, त्या गावापेक्षा दूरचं एक शहर आवडावं हा कृतघ्नपणा नाही का? ता. क. मध्ये एक प्रश्न आहे. तिथे खिडक्याखिडक्यांत तुळशीसारख्या रोपाच्या छोट्या कुंड्या होत्या, त्यात कागदी झेंडा खोचलेला. ते काय होतं, ग्रुपमध्ये कुणालाच सांगता आलं नाही.

ताई,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिलने खुणा केल्या. बेलेमचा मनोरा, जेरोनिमोसचा मठ, तिथली वास्को द गामाची कबर, हे सगळं तुम्हाला टूरवाल्यांनी दाखवलंच असणार. तीन पानांत त्याबद्दल एक ओळ नाही. पानभर मजकूर आहे तो एका कट्ट्याबद्दल.

मला याचं नवल वाटलं नाही. जग फिरून आलेलं कुणी भेटलं की मी विचारते, कुठलं शहर आवडलं आणि का? एका डॉक्टरांना इस्तंबूल आवडतं. मला वाटलं आया सोफियाबद्दल बोलतील. ते बोलले एमिनोन्यूहून कडिकॉयला जाणाऱ्या बोटीबद्दल. वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास, बारीक कमरेच्या काचेच्या ग्लासात कोरा चहा, कठड्याबाहेर सीगल, आणि आजूबाजूला घरी परतणारी, डुलक्या काढणारी नोकरदार माणसं. माझ्या एका मैत्रिणीचं शहर व्हिएन्ना. तिथल्या कॉफीघरात कॉफीबरोबर छोट्या ट्रेवर पाण्याचा ग्लास येतो, आणि तुम्ही मागितल्याशिवाय वेटर बिल आणत नाही. लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रं वाचत एका कपावर दुपार काढली तरी चालतं. ही कॉफीघरांची रीत ऑस्ट्रियाने २०११ साली आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली. बघा, दोघांनीही सांगितली ती बसायची जागा.

लिस्बन तर बसायला देणारं शहर आहे. चढ चढून दमलेला माणूस जिथे टेकतो तिथे त्यांनी कठडा बांधला, बाक ठेवले, बऱ्याच ठिकाणी कॉफीची छोटी टपरी उभी केली आणि त्या जागेला मिरादोरो हे नाव दिलं. तुम्ही बसलात तो त्यातलाच एक. पाठीमागे निळ्या फरशांचं चित्र होतं, आठवतं? त्यात भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक रंगवला आहे. १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात, त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटांत आणि आगीत तो चौक गेला. तुमच्या पायाशी पसरलेली लाल कौलांची दाटी म्हणजे अल्फामा. ती बरीचशी वाचली, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून इतक्या अरुंद आहेत.

तेव्हा, खूळ आहे का? नाही. थोरल्याला इतकंच विचारा, की आषाढीला दरवर्षी पंढरपूरला जाणाऱ्या माणसाला 'बघितलेला विठोबा परत काय बघायचा' असं कुणी म्हणतं का? आपल्याकडे पुन्हा पुन्हा त्याच जागी जाण्याला कधीच वाया गेलेली खेप मानलं नाही. दहा दिवसांत पाच देश ही टूरवाल्यांची मोजणी आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला ती सोयीची असते, हेही खरं. तुमची ती खेप झाली आहे.

पण तुमच्या बाजूच्याही दोन गोष्टी मला तपासून बघाव्याशा वाटतात. रागावू नका.

तुमच्या त्या कुंड्यांवरून सांगते, तुम्ही लिस्बनला पोचलात ते बहुतेक १२-१३ जूनच्या आसपास. ते तिथल्या लाडक्या संताच्या, सांतो अंतोनियोच्या उत्सवाचे दिवस. गल्लीगल्लीत कागदी पताका, दारात शेगड्या, शेगडीवर सार्डिन मासे, रात्रभर गाणीबजावणी. म्हणजे तुम्ही त्या शहराला त्याच्या गणपतीत भेटलात. गणपतीतल्या पुण्याच्या प्रेमात पडून कुणी म्हणालं की मला इथे महिनाभर राहायचंय, तर तुम्ही त्याला काय सांगाल?

मी तिथे जानेवारीत तीन आठवडे राहिले आहे. पाऊस असा की दोन-दोन दिवस छत्री मिटत नाही. तिथल्या जुन्या घरांत हिवाळ्यात घर गरम ठेवायची सोय बहुधा नसते. बाहेर १२ अंश आणि खोलीतही जवळपास तेवढेच. धुतलेले मोजे तिसऱ्या दिवशीही दमट. रात्री दोन गोधड्या घेऊन पुस्तक वाचताना पान उलटण्यापुरती बोटं बाहेर काढायची. आणि ती पांढऱ्या-काळ्या दगडी तुकड्यांची फरसबंदी, काल्सादा, जिचे फोटो तुम्हीही काढले असतील, ती ओली झाली की शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखी निसरडी होते. चौथ्या दिवशी मी उतारावर अशी बसले की मनगट महिनाभर दुखत होतं. एका भाजीवाल्या बाईने मला उठवलं, स्टुलावर बसवलं, आणि माझ्या हातात एक संत्रं दिलं. मला ते शहर आजही आवडतं. पण मला आवडतं ते हे लिस्बन. तुम्हाला आवडलेलं जूनमधल्या दोन दिवसांचं आहे. दोघांची गाठ घातल्याशिवाय महिन्याचं भाडं भरू नका.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. तुम्ही लिहिता, मला कुणी काही विचारलं नाही. खरंय. पण तुमच्या शेजारच्या म्हातारीला खिडकीतून हाक आली होती. तिने मान न वळवता उत्तर दिलं, कारण आवाज ओळखीचा होता, आणि बहुधा प्रश्नही रोजचाच होता. ताई, तिच्यासाठी तो कट्टा म्हणजे तिचा कृष्णेचा घाट होता. तिलाही विचारतात. तुम्हाला कुणी विचारलं नाही, कारण तुम्ही तिथल्या कुणाच्याच नव्हतात. या मोकळेपणाचं सुख मोठं आहे, विशेषतः जिने चाळीस वर्षं 'मॅडम', 'वहिनी' आणि 'आई' या तीन हाकांना ओ दिली तिच्यासाठी. ते हवंसं वाटण्यात गैर काही नाही. फक्त त्या सुखाचं सगळं श्रेय लिस्बनला देऊ नका. एकटीने राहून कंटाळा आला तर शहरावर रागवाल, आणि त्यात त्या शहराचा दोष नसेल.

त्या खिडकीबद्दल अजून एक सांगायला हवं, कारण तुम्ही कुठे राहायचं हे त्यावर ठरतं. अल्फामासारख्या जुन्या वस्त्यांत वर्षानुवर्षं गोठलेल्या भाड्यावर राहणारी म्हातारी माणसं होती. आपल्याकडच्या पागडीच्या खोल्या आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. २०१२ साली तिथला भाडेकायदा सैल झाला. त्याच साली घर विकत घेणाऱ्या परदेशी पैसेवाल्यांना राहण्याचा परवाना देणारी योजना निघाली. घरांपुरती ती वाट २०२३मध्ये बंद केली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पाठोपाठ जुनी घरं एकामागून एक पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने द्यायची खोली झाली. ज्या दारात दोरीवर कपडे वाळत असायचे तिथे आता आकडे दाबून उघडायची किल्लीची पेटी. तुमची शेजारीण अजून तिथे राहते हेच नशीब म्हणायचं. तेव्हा तिच्या आवडीपोटी तिच्याच गल्लीतलं, बहुधा तिच्यासारख्याच कुणीतरी सोडलेलं घर महिनाभर भाड्याने घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिथे बसायला जा. राहायला दुसरीकडे.

कुठे, ते सांगते. अल्वालाद हा १९४०च्या दशकात आखून वसवलेला भाग सपाट आहे, मेट्रो आहे, मंडई आहे. कांपु द ओरिकही सपाट, आणि तिथून २८ नंबरची ती जुनी पिवळी ट्राम थेट तुमच्या टेकडीपाशी जाते. भल्या सकाळी बसा, दहानंतर चढायला जागा मिळत नाही. छोटं अतिथिगृह किंवा नोंदणी असलेली जागा बघा, आणि लिफ्ट आहे का हे लेखी विचारा. तिथे तिसरा मजला म्हणजे बऱ्याचदा अरुंद लाकडी जिना. मेट्रोच्याही काही स्टेशनांवर लिफ्ट नाही. चढावरच्या जुन्या केबलगाड्यांच्या भरवशावर बेत आखू नका. ३ सप्टेंबर २०२५ला ग्लोरिया केबलगाडीच्या अपघातात १६ माणसं गेली. धाकट्याने ते वाचलं असेल, आणि त्याची काळजी त्यामुळे असेल तर ती रास्त आहे. अख्ख्या महानगराचा महिन्याचा पास २०१९ पासून ४० युरोंना मिळू लागला, तो काढा. त्यातच काइश दु सुद्रेच्या धक्क्यावरून नदीपलीकडच्या कासिल्याशला जाणारी नावही येते. दहा मिनिटांची. संध्याकाळच्या नावेत बसून परत या. एका रुपयाचंही काम नसताना.

किती दिवस? महिना म्हणता, मी तीन आठवडे म्हणेन. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. ऊन बरं असतं, उत्सव नसतो, पाऊस बहुधा सुरू व्हायचा असतो, आणि शहर कामाला लागलेलं दिसतं. पहिल्या आठवड्यात कुठेतरी असा दिवस येईल की बघायचं सगळं बघून झालं आहे आणि फोन करायला कुणी नाही. त्या दिवशी काय करायचं ते इथूनच ठरवून जा. धुणं लावा, भाजी आणा, पोळी-भाजी करा. तिथल्या दुकानात बटाट्याच्या पाटीवर 'बाताता' लिहिलेलं असेल, अननसाला 'अनानाश', कोबीला 'कोव्ह'. हॉटेलातल्या मुलीने किल्ली देताना 'शाव्ह' म्हटलं आणि तुम्हाला चावी ऐकू आलं असं तुम्ही लिहिलंय, ते अगदी बरोबर आहे. चावी, बादली, परात, पगार, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर गोव्यात, चौलला, वसईला उतरले. चिमाजी अप्पांनी १७३९ला वसई घेतली, गोवा १९६१च्या डिसेंबरात मोकळा झाला, आणि पोर्तुगालने ते मान्य केलं त्यांच्याकडची हुकूमशाही १९७४मध्ये पडल्यावर. शब्द मात्र इथेच राहून गेले. थोडे उलटे शिकून घ्या. बाईने आभार मानताना 'ओब्रिगादा' म्हणायचं, पुरुषाने 'ओब्रिगादु'. एवढ्या एका अक्षरानेही दुकानदारीण हसते.

खाण्याचं: टेबलावर न मागता पाव आणि ऑलिव्ह ठेवतात. खाल्ले तर पैसे लागतात, नको असेल तर सरळ परत करा. कॉफी कडू लागली तर गालांव मागा, उंच ग्लासात भरपूर दूध घालून देतात. घरच्यासारखं जेवावंसं वाटलं तर मार्तिम मोनीझ चौकाच्या आसपास आपल्याकडचा तांदूळ-डाळ मिळते. उत्तरेकडच्या भागात मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांनी बांधलेलं राधाकृष्णाचं देऊळही आहे.

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, त्यामुळे तीन आठवड्यांची अडचण नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सगळे दिवस पोर्तुगालमध्ये असल्याने अर्ज पोर्तुगालचाच करा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, तुम्ही त्याहून मोठा घ्या, आणि हाड मोडलं तर घरी आणण्याचा खर्च त्यात आहे का हे वाचून घ्या. तुम्ही बँकेतल्या, बारीक अक्षरं तुम्हाला नवी नाहीत.

आता मुलं. टूर घेऊ का, असं विचारलंत. नका घेऊ. पण 'तुम्हाला माझं मन कळत नाही' असंही म्हणू नका. त्यांनी पैसे बाजूला काढले, सुट्ट्यांचे हिशेब केले, हे प्रेमच आहे. त्यांना सांगा, भेट मी पुढे घेईन, हा प्रवास माझ्या पेन्शनमधून करते. भेटीत देणाऱ्याच्या इच्छेलाही जागा द्यावी लागते. स्वतःच्या पैशात ती द्यावी लागत नाही, आणि मुलांनाही 'आमच्या पैशाने आई एकाच जागी बसून आली' असं वाटायचं कारण राहत नाही. धाकट्याची काळजी शब्दांनी जाणार नाही. त्याला काम द्या. राहायची जागा त्याने शोधावी, रोज रात्री ठरल्या वेळी एक फोन, ११२ हा तिथला मदतीचा नंबर दोघांच्या फोनवर. जमलं तर पहिले चार दिवस त्याने बरोबर यावं आणि मग खरोखर परत जावं. हे 'खरोखर' आधीच बोलून ठेवा. जाऊबाईंना काही सांगू नका.

ज्या वाचकांचं शहर दुसरं असेल, क्योतो, एडिंबरा, अगदी कोलकाता, त्यांनीही जाण्याआधी एवढं करावं. त्या शहरातला आपला सगळ्यात आवडता एक तास कागदावर लिहावा आणि त्यातून प्रसिद्ध नावं खोडून टाकावीत. जे उरेल त्यासाठी राहायचे दिवस आणि जागा ठरवावी. काहीच उरलं नाही तर मुलांनी ठरवलेली टूर चांगली आहे.

राहिली सांगली. हा प्रश्न तुम्ही शेवटी आणि लहान अक्षरात लिहिलात, पण पत्र बहुधा त्यासाठीच लिहिलंत. २०१९च्या त्या दिवशी गल्लीतल्या पोरांना माहीत होतं की वरच्या मजल्यावर मॅडम एकट्या आहेत. ते माहीत होतं, कारण एरवी ते विचारतात. कुणाची वाट बघताय, आज उशीर झाला, दिवा का नाही लागला. ज्या सवयीचा तुम्हाला जाच होतो त्याच सवयीने नाव तुमच्या दाराशी आणली. यात दोन्ही खरं आहे, जाचही आणि नावही, आणि एकाने दुसरं फिटत नाही. लिस्बन आवडलं म्हणून तुम्ही त्या पोरांच्या ऋणातून सुटत नाही, आणि ते ऋण आहे म्हणून घाटावर एकटीने निवांत बसणं तुम्ही आयुष्यभर सोडावं असंही नाही.

एक विचारू? घाटावर शेवटच्या कधी बसला होतात? पत्रात 'बसले तर' असं आहे. मला शंका येते की बऱ्याच वर्षांत तुम्ही बसलाच नाहीत. व्हिसाच्या कागदांत काही महिने जाणार आहेत. तोवर दर रविवारी सकाळी आयर्विन पूल दिसेल अशा पायरीवर तासभर बसा. भडंगाची पुडी न्या. कुणी विचारलं, कुणाची वाट बघताय, तर सांगा, कुणाची नाही, नदी बघतेय. पहिल्या रविवारी चौघं विचारतील. पाचव्या रविवारी विचारणारा बहुधा नुसती मान हलवून पुढे जाईल, किंवा दोन पायऱ्या सोडून स्वतः बसेल. सांगलीतल्या बायकांना एकटीने बसायला जागा कुणीतरी बसूनच करावी लागणार आहे. तुम्हाला त्या बसण्याची गोडी कळली आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

तुमच्या ता. क. बद्दल. ते मांजेरिको. बारीक पानांचं, तुळशीच्याच कुळातलं रोप. सांतो अंतोनियोला ते एकमेकांना देतात, पूर्वी प्रेमात पडलेली पोरं मुलींना देत. कुंडीत कागदाचं कार्नेशनचं फूल आणि चिठ्ठीवजा झेंडा असतो, त्यावर चार ओळींची कविता. ऑक्टोबरात तुम्हाला ते खिडक्यांत दिसणार नाही, उन्हाळ्यापुरतंच जगतं. कधी पुन्हा जूनमध्ये गेलात आणि कुणी हातात कुंडी दिली, तर वाकून वास घेऊ नका. थेट नाक लावलं की रोप कोमेजतं असं तिथे मानतात. तळवा पानांवरून हलकेच फिरवायचा आणि मग तळव्याचा वास घ्यायचा.